तेलावर चालणारं छोटं डिझेल इंजिन पुन्हापुन्हा का बसतं?

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी तोटी, काढून साफ केलं की इंजिन पहिल्यासारखं चालतं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा काळा धूर, लोड टाकला की आवाज बसतो, सकाळी हॅण्डल मारून खांदे भरून येतात. मग नवं नोझल. ते महिना-दीड महिना टिकतं. मग फिल्टर, मग इंधन-पंपाचं एलिमेंट (आतला दट्ट्या), आणि शेवटी कुणीतरी सांगतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. डिझेलऐवजी तेल जाळणारी एक-दोन सिलिंडरची बरीच इंजिनं याच वाटेने जातात. माझंही गेलं. पाण्याने थंड होणाऱ्या एक-सिलिंडर इंजिनात मी तीन नोझल बदलली. तिसरं काढून जुन्या दोघांशेजारी ठेवलं तेव्हा दिसलं, की तिन्हींच्या टोकाला काजळीचं एकसारखंच बोंड धरलं होतं. तीन वेगळे भाग एकाच पद्धतीने खराब होत असतील तर भागांना दोष देण्यात अर्थ नाही. तेल कोणत्या अवस्थेत नोझलपर्यंत येतंय आणि इंजिन किती लोडवर चालतंय, हे तपासायला हवं होतं आणि तेच मी सोडून दिलं होतं.

इथे मी ‘तेल’ म्हणतो ते बियांचं किंवा फळांचं, जसंच्या तसं, बायोडिझेल न केलेलं. ‘ऑईल’ म्हणतो ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं वंगण. हे दोन शब्द वेगळे ठेवणं गरजेचं आहे, कारण इंजिनात हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यात महागडा बिघाड तिथेच होतो. त्यावर पुढे सविस्तर येतो.

आधी डबाभर डिझेल

काहीही खोलण्याआधी ही चाचणी करा. स्वच्छ, गाळलेलं डिझेल एका डब्यात घ्या, डबा इंजिनापेक्षा उंचावर बसवा आणि त्याची नळी थेट पंपाला जोडा. टाकी, कॉक, फिल्टर सगळं वगळायचं. नळीतली हवा नीट काढा, इंजिन सुरू करा, नेहमीचा लोड टाका आणि पंधरा मिनिटं शांतपणे ऐका.

इंजिनाने लगेच दम धरला तर पुरवठ्यात अडचण आहे. फिल्टर भरलाय, नळी अरुंद आहे, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, किंवा तेल इतकं गार आहे की पंपाला पुरेसं पोचतच नाही. या प्रकारात धूर फारसा नसतो. आरपीएम वरखाली होतो आणि इंजिन उपाशी राहिल्यासारखं हळूहळू बसतं. डिझेलवरही काळा धूर आणि ठोका तसाच राहिला तर नोझल पाहा. धूर निळसर असेल, ब्रीदरमधून (चेंबरच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर येत असेल आणि हाताने फिरवताना कॉम्प्रेशनचा जोर लागतच नसेल, तर बहुतेक रिंगा खाचेत चिकटल्या आहेत.

तिन्ही बिघाडांची तक्रार एकच असते, ‘लोड घेत नाही’. म्हणून लोक अंदाजाने भाग बदलत राहतात. हा डबा मी आता इंजिनाशेजारी कायमचा टांगून ठेवला आहे.

घट्टपणा

डिझेलची स्निग्धता 40 अंश सेल्सिअसला साधारण 2 ते 4.5 सेंटिस्टोक (स्निग्धतेचं माप) असते. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी या तेलांची त्याच तापमानाला 30 ते 40. म्हणजे दहापट घट्ट. एरंडेल तर 200 च्याही वर जातं, त्याचं नाव इंधन म्हणून काढूच नका. नोझलची भोकं आणि सुई पातळ डिझेलसाठी घडवलेली असतात. दहापट घट्ट द्रव त्यातून धुक्यासारखा फवारला जात नाही, जाड थेंबांची धार होऊन निघतो. जाड थेंब वेळेत पेटत नाही. तो पिस्टनच्या डोक्यावर किंवा लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) जाऊन आदळतो आणि तिथेच अर्धवट भाजतो.

तेल तापवलं की चित्र बदलतं. 70 ते 80 अंशांवर स्निग्धता 12 ते 15 सेंटिस्टोकपर्यंत उतरते. 100 अंशांच्या आसपास 8. लक्षात घ्या, तरीही ती डिझेलपेक्षा दुप्पट-तिप्पट आहे. तापवल्याने त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही.

‘पहिलं डिझेल इंजिन तेलावरच चाललं होतं’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं हे खरं, आणि खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी 1912 मध्ये त्याचा उल्लेख केला. पण प्रदर्शनात इंजिन चालवून दाखवणं आणि तेच रोज सहा तास, महिनोनमहिने चालवणं यात फार अंतर आहे. ऑगस्ट 1982 मध्ये अमेरिकेत फार्गो इथे तेल-इंधनावर मोठी परिषद भरली. तिथे अनेकांच्या प्रयोगांतून जवळपास एकच गोष्ट पुढे आली: थोड्या तासांच्या चाचणीत इंजिन उत्तम चालतं, आणि तास वाढले की नोझलवर काजळी, चिकटलेल्या रिंगा आणि घट्ट झालेलं ऑईल हे तिघे हजर होतात. म्हणून ‘माझं इंजिन आठवडाभर तेलावर मस्त चाललं’ याला मी आता पुरावा मानत नाही.

कमी लोड

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या तीन नोझलांचा बळी इथेच गेला.

माझं इंजिन कामाच्या मानाने मोठं होतं. जोडलेला पंप त्याच्या ताकदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा लोड घेत असे. मला वाटायचं, बरंच आहे, इंजिनावर ताण नाही. तेल जाळणाऱ्या इंजिनाला हीच ऐट घातक ठरते. लोड कमी म्हणजे सिलिंडर थंड. थंड सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब वाफ होत नाहीत. तेलाचा रेणू मोठा आणि वजनदार असतो. तो पूर्ण जळला नाही तर तुटतो आणि तुकडे एकमेकांना चिकटून डिंकासारखा थर बनतो. नोझलच्या टोकावर बसलेला थर फवारा आणखी वाकडा करतो, वाकडा फवारा आणखी थर बसवतो. हे चक्र एकदा सुरू झालं की काही दिवसांतच नोझल निकामी होतं. नुसत्या स्लो स्पीडवर तासन् तास चालू ठेवणं हा याचाच सगळ्यात वाईट प्रकार.

उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. तेलावर चालवताना लोड निदान निम्म्याच्या वर, शक्यतो पाऊण ठेवा. त्यासाठी पुली बदला, दोन कामं एकाच वेळी काढा, किंवा कामाला साजेसं लहान इंजिन घ्या. आणि जेव्हा लोड नसेल, तेव्हा तेल बंद करून डिझेलवर या. मी पुली बदलून पंप वाढीव वेगावर नेला आणि चौथं नोझल टाकलं. ते अजून काढून टाकायची वेळ आलेली नाही.

दोन टाक्या

थंड इंजिनात तेल कधीही सोडू नका. हा एक नियम पाळला तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल, मध्ये थ्री-वे कॉक. डिझेलवर सुरू करायचं, पाण्याचं तापमान नेहमीच्या पातळीला आलं, तेल गरम झालं आणि लोड बसला की कॉक फिरवायचा. बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं आणि फिल्टर, पंप, नोझल यांच्यातलं तेल पूर्ण निघून जाईपर्यंत चालवायचं. किती मिनिटं, हे फिल्टरच्या वाटीत किती तेल मावतं त्यावर ठरतं. छोट्या इंजिनाला इंधन थोडं थोडं लागतं, त्यामुळे मोठी वाटी असेल तर वाटतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मी एकदा पारदर्शक नळी लावून रंग बदलायला किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहिलं, आणि मग कॉक फिल्टरच्या पुढे, पंपाच्या अगदी जवळ आणून बसवला. डिझेलला स्वतःचा वेगळा फिल्टर दिला. नोझलमधून उरलेलं इंधन परत नेणारी ओव्हरफ्लोची नळीही पाहा. ती डिझेलच्या टाकीत परतत असेल तर नकळत डिझेलमध्ये तेल साठत जातं, आणि सकाळी ‘डिझेलवरच सुरू करतोय तरी सुरू होत नाही’ असं कोडं पडतं.

तेल गरम करायला इंजिनाचंच गरम पाणी सगळ्यात सुरक्षित. पाण्याच्या नळीतून किंवा तिच्याभोवती तेलाची नळी फिरवली की तेल आपोआप 70-80 अंशांच्या जवळ राहतं आणि त्यापलीकडे फार जात नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी नसतं, मग लोक सायलेन्सरला नळी गुंडाळतात. तिथे तापमानावर ताबा राहत नाही. इंजिन बंद झाल्यावर नळीत अडकलेलं तेल भाजून घट्ट होतं, आणि जोड गळला तर तापलेल्या पाइपवर तेल पडून आग लागू शकते. सायलेन्सरपासून अंतर ठेवून, मध्ये पत्रा घालून, लोखंडी नळी वापरली तरच हा मार्ग घ्या. नळी तांब्याची नको. तांबं आणि पितळ गरम तेल लवकर खराब करतात, त्यात चिकटा धरतो. वाकवायला सोपी म्हणून तांब्याची नळी सगळ्यांना मोहात पाडते, मलाही पाडलं होतं. वर्षभरात आतून हिरवट राळ निघाली.

गरम करण्याची सोयच नसेल तर मिश्रण करा. डिझेलमध्ये 20 टक्के तेल घातलं तर मिश्रणाची स्निग्धता 5 सेंटिस्टोकच्या आसपास राहते, आणि साधं इंजिन ते बऱ्यापैकी पचवतं. निम्मं-निम्मं केलं की पुन्हा तापवण्याचा प्रश्न आलाच. पातळ करण्यासाठी पेट्रोल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तेलाचा मोठा गुण म्हणजे ते 200 अंशांच्या वर तापल्याशिवाय भडका घेत नाही. पेट्रोल मिसळलं की तुम्ही तो गुण फेकून दिला आणि भरलेल्या टाकीवर पेट्रोलची वाफ ठेवली.

फिल्टर सारखा भरतो तेव्हा

भरलेला फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा, आत काय आहे ते बघा. पांढरट, मेणासारखं काही असेल आणि ते हाताच्या उबेने विरघळत असेल तर तेल गोठतंय. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच थिजतं, पामतेलही लवकर थिजतं. नवा फिल्टर उपयोगाचा नाही, टाकी आणि फिल्टर दोन्हींना ऊब द्यायला हवी. बुळबुळीत, शेंबडासारखा थर असेल तर घाण्यावरच्या कच्च्या तेलातला डिंक आहे. ताज्या गाळलेल्या तेलात फॉस्फरसयुक्त चिकट द्रव्यं असतात. ती पाण्याशी भेटली की फुगून फिल्टर बुजवतात आणि जळली की राख सोडतात. अशा तेलात थोडं गरम पाणी घालून ढवळतात, डिंक खाली बसू देतात, वरचं निथळून पुन्हा कोरडं करतात. काळा, वाळूसारखा कण असेल तर तळणीच्या तेलाचा जळका गाळ. आणि फिल्टर स्वच्छ असूनही इंजिन उपाशी राहत असेल तर पाणी किंवा हवा.

पाण्याची परीक्षा घरगुती आहे. तव्यावर चमचाभर तेल तापवा. तडतडलं किंवा बुडबुडे आले तर पाणी आहे. डोळ्यांना चष्मा लावा, तेल उडतं. पाणी काढायला सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे वेळ. तेल कोमट करून उंच, अरुंद भांड्यात आठ-पंधरा दिवस निवांत ठेवा आणि वरचंच घ्या, तळाचं कधीही ढवळू नका. नंतर 5 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, म्हणजे इंजिनाच्या फिल्टरवर काम पडत नाही. भराभर पाणी उडवायला मोठं भांडं 100 अंशांवर तापवणाऱ्यांना मी विनवणी करून थांबवतो. तळाचं पाणी एकदम वाफ झालं की उकळतं तेल कडेबाहेर उसळतं.

किती स्वच्छ तेल म्हणजे पुरेसं स्वच्छ, याचा अंदाज यावा म्हणून एक कसोटी सांगतो. जर्मनीत रेपसीड (मोहरीच्या जातीचं बी) तेलाला इंधन म्हणून मान्य करणारं डीआयएन 51605 हे मानक आहे. त्यात पाणी किलोमागे 750 मिलिग्रॅमच्या आत, गाळ 24 मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फरस फक्त 3 मिलिग्रॅमच्या आत लागतो. कपड्याने गाळलेलं तेल याच्या जवळपासही येत नाही.

चेंबरमधलं ऑईल

नोझल खराब झालं की इंजिन ओरडून सांगतं. ऑईल खराब होताना इंजिन काहीच सांगत नाही, आणि म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

लायनरवर पडलेलं न जळलेलं तेल रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतं. डिझेल उतरलं तर त्यातलं काही गरम ऑईलमधून वाफ होऊन निघून जातं. तेल उडत नाही, साठत राहतं. सुरुवातीला ऑईल जरा पातळ वाटतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि माणूस खूश होतो की इंजिन ऑईल पीत नाही. मग गरम हवा, धातूचे कण आणि ऑईलमधली संपत आलेली संरक्षक रसायनं यांच्या संगतीत ते तेल अचानक जुळून येतं, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ते घट्ट होतं. अचानक हा शब्द मी मुद्दाम वापरतोय: आज ठीक दिसलेलं ऑईल थोड्याच तासांत खव्यासारखं होऊ शकतं. छोट्या इंजिनांत बऱ्याचदा ऑईल उडवून वंगण होतं, प्रेशरचा काटाच नसतो. बेअरिंग जाम होईपर्यंत कळत नाही.

म्हणून ऑईल बदलायचे तास निम्मे करा आणि त्यात सवलत घेऊ नका. रोज डिपस्टिक पाहा. पातळी वाढली तर तो धोक्याचा इशारा आहे, लगेच ऑईल काढा. टिपकागदावर एक थेंब टाकायची सवय ठेवा. चांगलं ऑईल पसरत जातं, बिघडलेलं मधोमध काळा चिकट ठिपका होऊन बसतं.

इथे तेलाची जातही मोजली जाते. तेल हवेत किती लवकर सुकून चामडी धरतं, ते त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाचं 170 च्या वर, म्हणून ते रंगांत वापरतात आणि इंजिनात कधीच नको. करडई, सूर्यफूल, सोयाबीन 120 ते 150 च्या दरम्यान. शेंगदाणा 85 ते 105. पाम 50 च्या आसपास, खोबरेल जेमतेम 10. आकडा जितका मोठा तितकं ऑईल लवकर जुळणार. उलट ज्यांचा आकडा लहान, ती थंडीत गोठतात. दोन्ही बाजूंनी बरं असं एकही तेल नाही. शेंगदाणा त्यातल्या त्यात मधलं.

नोझल आणि पंप हाताळताना

नोझलची काजळी डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढा, भोकात लोखंडी तार घालू नका. सुई आणि बॉडी एकमेकांशी जुळवून घासलेली असतात, दोन नोझलांचे भाग अदलाबदल करू नका. बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत राहिला नाही ना ते पाहा. दोन वॉशर बसले तर नोझल वर राहतं आणि फवारा भलतीकडे जातो. फवारा तपासताना हात समोर धरू नका. ती धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते, पण आत होणारं नुकसान बोट गमवायला लावणारं असतं. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

इंजिन बरेच दिवस बंद राहिल्यावर पंपात उरलेलं तेल गोंद होतं आणि रॅक (किती इंधन जायचं ते ठरवणारी पंपाची दांडी) अडकतो. अडकलेला रॅक पूर्ण इंधनावर असेल तर सुरू होताच इंजिन सुसाट सुटतं आणि गव्हर्नर, म्हणजे वेग ताब्यात ठेवणारा भाग, काही करू शकत नाही. हॅण्डल मारण्याआधी रॅक हाताने मोकळा हलतो का बघा. आणि हवा आत जाते त्या तोंडावर बसेल अशी एक फळी जवळ ठेवा. सुसाट सुटलेलं इंजिन हवा तोडून थांबतं. तिथे तळहात लावू नका.

कॉमन रेलची (एकाच सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने इंधन देणारी) आधुनिक इंजिनं या प्रयोगाला देऊ नका. साध्या पंपाच्या इंजिनांतही ज्यांत आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात इंधन पेटतं, ती तेल बरी पचवतात. तो कप्पा तापलेला राहतो आणि त्यांचं नोझलही सहसा एकाच मोठ्या भोकाचं असतं. थेट पिस्टनवर चार-पाच बारीक भोकांतून फवारणारी इंजिनं फार लवकर रुसतात. तुमचं इंजिन दुसऱ्या प्रकारचं असेल आणि लोडही कमी असेल, तर माझा सल्ला 20 टक्क्यांच्या मिश्रणावर थांबण्याचा आहे.

दुरुस्तीनंतर 50 तासांनी, इंजिन छान चालत असलं तरी, नोझल काढून टोक बघा. कोरडी, पातळ काजळी ठीक. ओलसर, चकचकीत, बोंड धरू लागलेली दिसली तर पुन्हा तापमान आणि लोडकडे वळा. आणि काम झाल्यावर तेलाने माखलेल्या चिंध्या ढिगात टाकून जाऊ नका. सुकणारं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि गोळा झालेल्या चिंध्या ठिणगीशिवाय पेटू शकतात. त्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.